मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हा गाव फुटू नये म्हणून आत्तापासून काय करायचं?

दारणाकाठ
नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसता वाचतोय, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव नाशिक तालुक्यात, दारणेच्या काठावर. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्या हाच धागा गावच्या ग्रुपवर फिरेल आणि माझ्या नावाने शिमगा होईल. मतदार चौदाशेच्या आसपास. गावठाण अलीकडे आणि नदीपलीकडे मळ्यांची वस्ती, पन्नासेक घरं, मतं सव्वादोनशे. मधे फरशी पूल. वस्तीवरची पोरं आमच्या झेडपीच्या शाळेत, रेशन आमच्या दुकानात, मयत झालं तर आमच्याच घाटावर. यात्रेत पालखीला पहिला खांदा वस्तीचा. म्हणजे गाव एकच.

विधानसभेला आम्ही देवळालीत. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ओट्यावर एकाने पुडी सोडली, की जनगणना झाली की मतदारसंघ नव्याने पाडणार, शहर फुगल्यामुळे देवळालीची ओढाताण होणार, आणि नदीच हद्द धरली तर गाव एका आमदाराकडे आणि वस्ती दुसऱ्याकडे. तेव्हापासून वस्तीवरचे म्हातारे मलाच विचारतायत, कारण मी 'नेटवरचा'.

तर प्रश्न असा: गाव आणि वस्ती एकत्र राहावी म्हणून कोणाकडे, कधी, काय द्यायचं? की हे सगळं वर ठरतं आणि आपण पेपरात वाचायचं?

तर्री_जास्त
पहिला नंबर माझा. सविस्तर प्रतिसाद मिसळ खाऊन.

कॉलेजरोडवाला
इतकं टेन्शन कशाला? दोन आमदार मिळाले तर दुप्पट फायदा. आमदार निधी वर्षाला ५ कोटी. एकाने गावात सभामंडप बांधला की दुसऱ्याकडे वस्तीसाठी रस्ता मागायचा. मी तर म्हणतो तीन तुकडे करून घ्या.

टाकेदची_लेक
कॉलेजरोडवाले दादा, कॉलेजरोडवर बसून हे सोपं वाटतं. माझं माहेर टाकेदकडचं. तालुका इगतपुरी, विधानसभा सिन्नर. म्हणजे दाखल्याला इगतपुरी, आमदाराकडे काम असलं तर सिन्नर. लहानपणापासून पाहतेय, कुणी पाव्हणा विचारतो तुमचा आमदार कोण, तर पहिला उलटा प्रश्न येतो, 'कोणता, तालुक्याचा का आमचा?' तालुक्याच्या कार्यक्रमात आमची गावं शेवटच्या रांगेत आणि मतदारसंघाच्या कार्यक्रमातही शेवटच्याच. शेपटाकडच्या गावाला दोन धनी मिळत नाहीत दादा, दोन्हीकडचा 'तिकडे बघा' मिळतो.

आणि एक कबूल करते. रस्ता झाला आमच्याकडे. पण मागायला जायचं कुठे हे कळायलाच आमच्या आबांची दोन वर्षं गेली.

लासलगावचा_गोल्टी
टाकेदच्या ताई, आपण एकाच नावेतले. लासलगाव निफाड तालुक्यात, पण विधानसभा येवला. कांद्याचा भाव देशाला आम्ही सांगतो आणि आमचा मतदारसंघ आम्हाला दुसऱ्या तालुक्याच्या नावाने सांगावा लागतो.

पण खरं सांगू? आमचं काही फार वाईट झालं नाही. लासलगाव मोठं आहे, मार्केट आहे, इथली मतं टाळून कुणाला येवल्यात निवडून येणं जड जातं. उमेदवार इथे चार वेळा येतो. दारणाकाठ म्हणतायत त्या सव्वादोनशे मतांच्या वस्तीचं तसं होणार नाही. फुटण्यापेक्षा किती लहान होऊन फुटता हे महत्त्वाचं.

पंचवटीचा_आप्पा
सव्वादोनशे मतं कमी समजू नका भो. २०२४ ला मालेगाव मध्यचा आमदार १६२ मतांनी ठरला. तुमची वस्ती तिथे असती तर प्रचाराला हेलिकॉप्टर उतरलं असतं फरशी पुलावर.

तर्री_जास्त
उतरलं असतं आणि पावसाळ्यात वाहून गेलं असतं.

(मिसळ खाऊन झाली. तरी सविस्तर काही सुचत नाहीये.)

कसमादेकर
मालेगावचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे बघा. २००८ च्या पुनर्रचनेत मालेगाव लोकसभा मतदारसंघच गेला. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण (म्हणजे सटाणा) हे तीन धुळे लोकसभेला जोडले. जिल्हा नाशिक, खासदार धुळ्याचा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा अशा चार तालुक्यांचं मिळून आम्ही 'कसमादे' म्हणतो, बोली एक, सोयरिकी एकमेकांत, पाण्याची भांडणंसुद्धा एकच. त्यात देवळा चांदवडला जोडलेला, कळवणला सुरगाणा जोडलेला. नकाशावर कसमादे शोधून दाखवा, बक्षीस देतो.

तरी मालेगावकर म्हणून एक सांगतो, धुळं आम्हाला नाशिकपेक्षा जवळ आहे, जवळपास निम्मं अंतर. त्यामुळे 'अन्याय' वगैरे मी म्हणत नाही. आणि २०२४ ला धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला, तो एकट्या मालेगाव मध्यने फिरवला. बाकी पाचही ठिकाणी विजयी उमेदवार मागे होता. जोडलेलं शेपूट कधीकधी अख्खं जनावर हलवतं.

गोदाघाट
तुम्ही निदान दिसता तरी. सुरगाण्याचं काय? २००४ पर्यंत सुरगाणा स्वतंत्र मतदारसंघ होता. २००९ ला निवडणूक झाली तेव्हा नावच नाही, कळवणमध्ये. आणि त्याच वेळी नाशिक शहराचा एक होता त्याचे पूर्व, मध्य, पश्चिम असे तीन झाले. जिल्ह्याच्या जागा १४ च्या १५ झाल्या म्हणून शहरात पेढे वाटले, पण डोंगरावरचा एक गेला हे किती जणांच्या लक्षात आहे? २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी 'आम्हाला गुजरातेत टाका' अशी निवेदनं दिली तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. त्याला कारणं दहा असतील, रस्ते, दवाखाने, पाणी. पण आपलं म्हणणं न्यायला हक्काचा माणूस लांब गेला हे एक कारण मला तरी वाटतं.

कॉलेजरोडवाला
गोदाघाट, हा भावनिक मुद्दा झाला. लोकसंख्या शहरात वाढली तर जागाही शहरातच येणार. एका मताची किंमत सगळीकडे सारखी नको का? डोंगराला मत नसतं.

गोदाघाट
डोंगराला मत नसतं, पण डोंगर चढून मत द्यायला जाणाऱ्याला असतं ना. सारखी किंमत हवीच, मी नाही कुठे म्हटलं? पण तीन-साडेतीन लाखांच्या गणितात चार हजार इकडे-तिकडे झाले तर काही बिघडत नाही. तिथे गावांचं ऐकायला काय हरकत आहे?

वकील_वहिनी
विषयाकडे येऊ या. दारणाकाठ भाऊ, तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर थोडक्यात देते.

घटनेच्या कलम १७० नुसार विधानसभेच्या जागांची फेरमांडणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवलेली आहे. ती जनगणना म्हणजे आत्ताची, तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. मागची पुनर्रचना २००२ च्या कायद्याने, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन (म्हणजे पुनर्रचना) आयोगाने, २००१ च्या आकड्यांवर केली. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये तुमच्या कामाची ओळ आहे. मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा आणि नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय या गोष्टी लक्षात घ्याव्यात. नदी 'नैसर्गिक रचने'त बसते, पण फरशी पूल आणि शाळा 'दळणवळण' आणि 'सोयी'त बसतात. म्हणजे नदी आहे म्हणून तुम्ही हरलात असं नाही.

आयोगाबरोबर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. ते बोलू शकतात, त्यांना मत नसतं. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येतो, हरकतींना मुदत असते, जाहीर बैठका होतात. अंतिम आदेश निघाला की कोर्टात आव्हान देता येत नाही असं कायदा म्हणतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढी फट उघडली, की आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेशी विसंगत असेल तर न्यायालय बघू शकतं. पण पन्नास घरांसाठी त्या फटीवर विसंबू नका. जे करायचं ते मसुद्याच्या टप्प्यावर.

पुढच्या वेळी नवा कायदा लागेल. तो साधारण याच वळणाने जाईल असं धरून लिहिलंय.

सनीवेल_व्हाया_सातपूर
आमच्याकडे कॅलिफोर्नियात हे काम २००८ च्या सार्वमतानंतर नागरिकांच्या आयोगाकडे गेलं. १४ जण, पाच एका पक्षाचे, पाच दुसऱ्या, चार कुठल्याच नाही. तिथल्या घटनेतच लिहिलंय, की समान सामाजिक आणि आर्थिक हितसंबंध असलेली सलग वस्ती शक्यतो तोडायची नाही. लोक स्वतः नकाशे काढून देतात. आमचं देऊळ इथे, किराणा तिथे, शाळा इथे, म्हणून आम्ही एक. अमेरिका सगळीकडे अशी नाही हेही सांगतो. काही राज्यांत सत्तेतला पक्ष असे वेडेवाकडे मतदारसंघ कापतो, की १८१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर गेरींच्या नावावरून आणि सॅलमँडरच्या आकारावरून त्याला 'जेरीमँडर' असं नाव पडलं, ते अजून चालू आहे.

तर्री_जास्त
सॅलमँडर म्हणजे आपली पालच ना? आमचा महापालिकेचा प्रभाग बघा, पाल काय, घोरपड आहे. शेपटी हायवे ओलांडून गेलीय.

इंदिरानगरची_काकू
प्रभागांचं मी सांगते, कारण त्यात आमचे हात पोळलेत. २००७ ला एका नगरसेवकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा प्रभाग, २०१७ ला चौघांचा. २०२२ ला तिघांचा केला, जागा १२२ च्या १३३ केल्या, हरकती घेतल्या, सुनावण्या झाल्या आणि सगळं रद्द. मग परत चौघांचा, परत १२२ आणि ३१ प्रभाग. २०२६ च्या जानेवारीत एकदाचं मतदान झालं. तोपर्यंत माझ्या नातवाला मिसरूड फुटलं.

तर आमची कॉलनी एका रचनेत नाल्यावरून कापली होती. आम्ही तीनशे सह्यांचं निवेदन दिलं. काय सुंदर लिहिलं होतं! 'वर्षानुवर्षांचे ऋणानुबंध', गणेशोत्सव, कोजागिरी, सगळं होतं. सुनावणीत साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'प्रगणक गट क्रमांक?' आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे. (प्रगणक गट म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेला तुकडा, हे नंतर कळलं.) आमच्या मागे एक मुलगा होता, पंचविशीतला. त्याच्याकडे एकच कागद. अमुक नंबरचे दोन प्रगणक गट, लोकसंख्या इतकी, हे शेजारच्या प्रभागात टाकले तरी दोन्ही प्रभाग दहा टक्क्यांच्या आत राहतात. खाली सह्या फक्त अकरा. त्याचं झालं, आमचं नाही झालं.

घरी येऊन मी ते गणित करून बघितलं. २०११ ला शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. भागिले १२२, गुणिले ४, म्हणजे एका प्रभागाला ४८,७०० च्या आसपास. दहा टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे साधारण ४३,९०० ते ५३,६००. आमची कॉलनी होती बाराशेची! सहज बसली असती. मागायची कशी तेच माहीत नव्हतं.

दारणाकाठ
काकू, हे वाचून घाम फुटला. मी कालच निवेदनाचा मसुदा लिहिला, त्यात पहिलीच ओळ 'वर्षानुवर्षांचे ऋणानुबंध'.

इंदिरानगरची_काकू
ठेव रे ती ओळ, छान आहे. पण खाली नंबर घाल.

नांदूरनाक्याचा_भाऊ
माझा साधा प्रश्न. आमचं बूथ गेल्या वेळी दुसऱ्या शाळेत गेलं, मग आमचा मतदारसंघ बदलला का?

वकील_वहिनी
नाही. मतदान केंद्र बदलणं वेगळं, मतदारसंघ बदलणं वेगळं. झेडपीचे गट आणि पंचायत समितीचे गण हेही तिसरंच प्रकरण. एकाच गावाचे तिन्ही नकाशे वेगळे असू शकतात.

निवृत्त_साझा
छत्तीस वर्षं तलाठी आणि मंडळ अधिकारी म्हणून काढली, म्हणून चार शब्द. वहिनींनी कायदा बरोबर सांगितला, काकूंनी अनुभव लाखाचा सांगितला. मी फक्त त्याच्या खालचा थर दाखवतो.

मागच्या पुनर्रचनेचा आदेश काढून वाचा. मतदारसंघाचं वर्णन कसं लिहिलंय? अमुक तालुका पूर्ण, तमुक तालुक्यातली ही महसूल मंडळं, हे साझे (साझा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं, असे काही साझे मिळून एक मंडळ), महापालिकेचे हे वॉर्ड. लासलगाव येवल्यात गेलं ते गाव म्हणून नाही, मंडळ म्हणून उचललं. टाकेदचंही तेच. आयोगाच्या टेबलावर तुमची पालखी नसते, घाट नसतो, असतो तो जनगणनेचा तक्ता आणि प्रशासकीय हद्दीचा नकाशा. २००१ ला जिल्ह्याची लोकसंख्या ४९ लाख ९३ हजार, भागिले १५, म्हणजे एका मतदारसंघाला सुमारे ३ लाख ३३ हजार. २०११ च्या आकड्यांवर हीच सरासरी ४ लाख ७ हजारांवर जाते. एवढे मोठे तुकडे जुळवताना कुणी पन्नास घरं हातात घेऊन बघत नाही. अख्खं मंडळ उचलतात, फार तर साझा.

त्यामुळे दारणाकाठ, पहिला प्रश्न आयोगाचा नाहीच. पलीकडची वस्ती कोणत्या महसुली गावात आहे? शाळा तुमची, रेशन तुमचं, ते सोडा. वस्तीवरच्या कुणाचाही सातबारा काढा आणि वरच्या ओळीत गावाचं नाव काय आहे ते बघून इथे लिहा.

दारणाकाठ
काका, आमच्याच गावाचं असणार हो. मतदार यादीत सगळे आमच्याच यादी भागात आहेत.

निवृत्त_साझा
असणार नको. बघून लिहा.

पंचवटीचा_आप्पा
अवांतर: जनगणना २०२७ ला आणि सिंहस्थही २०२७ ला. साधूंना कुठल्या प्रभागात मोजणार? तपोवनाला वेगळा आमदार द्यावा लागेल.

गोदाघाट
आप्पा, मोजणी फेब्रुवारीत, शाही स्नान ऑगस्टात. साधू वाचले.

कॉलेजरोडवाला
मला एक खटकतंय, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. 'लहान वस्ती एकत्र ठेवा' याच्या आड बऱ्याचदा 'आमच्या जातीची मतं एकत्र ठेवा' असतं. दारणाकाठ, तुमच्या वस्तीवर कोण आहे?

दारणाकाठ
राग नाही. मळेकरी मराठा घरं आहेत, वंजारी आहेत, पाच-सहा घरं भिल्लांची आहेत, दोन घरं नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्यांची. मतं तर दर वेळी तीन दिशांना जातात, सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध पॅनल टाकतात. एकगठ्ठा असते तर आज पुलाची उंची वाढली असती.

पुलाचंच सांगतो. जून ते सप्टेंबर धरणातून पाणी सोडलं की फरशी पाण्याखाली. मग वस्तीवरच्या पोरांना शाळेला सात किलोमीटरचा वळसा. मागच्या वर्षी एक आजी दुखण्याने पडली, तर गावातल्या पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून वळशाने आणली. गाव गेलं म्हणून आणली. उद्या हा पूल दोन मतदारसंघांच्या मधोमध आला तर त्याला वाली कोण? माझी भीती जातीची नाही, पुलाची आहे.

कॉलेजरोडवाला
बरं. दुप्पट निधीचा मुद्दा मागे घेतो. निदान पुलापुरता.

टाकेदची_लेक
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

सनीवेल_व्हाया_सातपूर
मी म्हणतो, एक नकाशा बनवाच. शाळा, रेशन, घाट, दवाखाना, पूल, सगळ्याच्या खुणा. मी घरबसल्या करून देतो.

तर्री_जास्त
बघा, सातपूर सोडून गेलेला माणूसच शेवटी गावाच्या कामाला येतो.

दारणाकाठ
चार दिवसांनी धागा वर काढतोय. निवृत्त_साझा काका, तुमचे पाय कुठे आहेत?

वस्तीवरच्या तिघांचे सातबारे काढले. त्यातल्या दोघांवर गावाचं नाव शेजारच्या गावाचं! ते गाव वेगळ्या साझ्यात तर आहेच, मंडळही वेगळं. तिसऱ्यावर आमचं. नदीलगतच्या पहिल्या पट्ट्यातले गट आमच्या शिवारात, मागचे सगळे त्यांच्या. म्हणजे आम्ही ज्याला 'वस्ती' म्हणतो ती कागदावर आधीच फुटलेली आहे आणि आम्हाला पत्ताच नाही. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं तर एक जण म्हणाला, 'माहितीये की. आमचा सारा त्याच चावडीत जायचा.' मग आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, 'तू विचारलं कुठं?'

निवृत्त_साझा
असंच असतं. नदी पात्र बदलते, वस्त्या पुढे सरकतात, शिवाराची हद्द मोजणीच्या वेळची तशीच राहते.

आता ऐका. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत गोठवलेल्या आहेत. या काळात गावाची, साझ्याची, मंडळाची हद्द बदलून मिळणार नाही. त्यासाठी खेटे घालू नका. मागची घरं या जनगणनेत शेजारच्या गावात मोजली जाणार, आणि तसंच होऊ द्या. प्रगणकाशी भांडून आमच्या गावात लिहा म्हणू नका, आकडे बिघडतील. फक्त घरयादीच्या वेळी वस्तीचं नाव नीट आणि सगळ्या घरांचं एकच सांगा. कुणी मळा, कुणी वस्ती, कुणी वाडी असं नको.

मग उरतात दोन कामं. एक, ग्रामसभेचा ठराव, दोन्ही ग्रामपंचायतींचा. तुमच्या एकट्याचा ठराव आला तर 'शेजारचं गाव काय म्हणतं' हा प्रश्न येणारच. दोन, मागणी बदला. 'आमची वस्ती तोडू नका' असं नाही मागायचं, कारण कागदावर ती तुमची नाही. 'ही दोन महसुली गावं, लोकसंख्या इतकी, एका पुलाने, एका शाळेने जोडलेली, म्हणून एकाच मतदारसंघात ठेवा' असं मागायचं. दोन अख्खी गावं एकत्र ठेवणं आयोगाला सोपं, अर्धं गाव कापून आणणं अवघड.

वकील_वहिनी
काकांना पूर्ण अनुमोदन. आणि ठरावात 'दळणवळण' आणि 'लोकांची सोय' हे शब्द जसेच्या तसे येऊ द्या.

लासलगावचा_गोल्टी
शेजारच्या गावाशी संबंध कसे आहेत तुमचे?

दारणाकाठ
तिथेच घोडं पेंड खातंय. गेल्या यात्रेत कुस्तीच्या निकालावरून वाजलंय. त्यांचे सरपंच माझ्या आत्याचे दीर लागतात, पण सध्या आत्याही बोलत नाही.

पंचवटीचा_आप्पा
म्हणजे परिसीमन आयोगाच्या आधी आत्या आयोग.

इंदिरानगरची_काकू
आत्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि निवेदन पहिल्या दिवशी काढू नकोस खिशातून.

दारणाकाठ
एक मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा विचार आहे. रविवारी आत्याकडे जातोय, द्राक्षाची पेटी घेऊन. काका, ठरावाचा नमुना असेल तर टाकाल का?

निवृत्त_साझा
टाकतो. पण आधी वस्तीवरच्या सगळ्या गट नंबरांची यादी करा, कोणता कुठल्या शिवारात ते समोर लिहून. त्या तीन सातबाऱ्यांवर भागणार नाही.